शेवंतीची चौकशी

झुंबरबाईंना कायद्याची भीती कधी वाटली नव्हती, कारण कायदा त्यांच्या वस्तीवर कधी आलाच नव्हता. वीज आली, पाण्याची पाइपलाइन आली, मोबाईलचा टॉवर आला. कायदा मात्र सोनईच्या चौकापर्यंत यायचा आणि चहा पिऊन परत जायचा. शेवटी तो आला तो सुनेच्या मोबाईलमधून, आणि येताना एक वंगाळ शब्द घेऊन आला.

"पैदासकार," निकिता म्हणाली.

"कोन गं?"

"तुम्ही, आई. कुत्री पाळायची आणि पिल्लं विकायची, त्या माणसाला कायद्यात पैदासकार म्हणतात."

झुंबरबाई शेणाची पाटी डोक्यावर घ्यायला वाकल्या होत्या, त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. त्यांच्या माहेरी, पाथर्डीच्या बाजूला, हा शब्द फक्त भांडणात निघायचा. 'कुनाची पैदास रं तू' असं कुणी कुणाला म्हटलं की मग काठ्याच निघायच्या. आणि आता तोच शब्द सरकार त्यांच्या नावापुढं लावणार होतं.

"दुसरा शब्द न्हाई का त्येंच्याकडं?"

"नाही, आई. आणि त्या शब्दाची पाटी दर्शनी भागात लावावी लागते."

कुत्री या घराला नवी नव्हती. सासऱ्यांच्या वेळेपासून वस्तीवर कारवानी कुत्री होती. उंच, काटकुळी, लांबोड्या तोंडाची. बसली की हाडांचा सापळा, आणि पळायला लागली की बघणाऱ्याचा घास तोंडातच राहावा. पूर्वी पिल्लू मागेल त्याला मिळायचं. पुढं पुण्या-नाशकाची माणसं गाड्या घेऊन यायला लागली, पिल्लांचे फोटो काढायला लागली, आणि देण्याचं विकणं कधी झालं ते झुंबरबाईंनाही कळलं नाही. मग सोनईच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या कल्याण डॉक्टरांनी एकदा बजावलं, की बाई, आता हा धंदा झाला, नोंदणी करून घ्या. नोंदणी केली. पाटीही आली. झुंबरबाईंचे मालक भिमाजी यांनी ती गोठ्याच्या खांबाला ठोकली आणि झुंबरबाई दुसऱ्या दिवसापासून धुतलेलं लुगडं नेमकं तिच्यावरच वाळत घालू लागल्या.

पण शब्द सोडला तर बाकीचा कायदा त्यांना भलताच आवडला. दुपारी भाकरी झाली की त्या निकिताला म्हणायच्या, "वाच गं पुढं," जशा काही पोथीच ऐकायला बसल्यात.

"कुत्री दीड वर्षाची होईपर्यंत तिला नर दाखवायचा नाही."

"हे काय सांगाया पायजे?"

"वर्षातून एकच वेत. आणि सगळ्या जन्मात मिळून पाच."

झुंबरबाईंनी बोटं मोजली. त्यांच्या सासूची नऊ बाळंतपणं झाली होती. "बघा की," त्या हळूच म्हणाल्या, "कुत्र्यांचं बरं हाय."

पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय आईपासून तोडायचं नाही, हेही त्यांना पटलं. पिल्लाच्या मानेत तांदळाएवढी चिप बसवायची, हे काही पटलं नाही, पण डॉक्टरांनी बसवली तेव्हा पिल्लू रडलं नाही म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. आणि मग एके दुपारी निकितानं तो नियम वाचला.

"विकलेलं पिल्लू कसं आहे, त्याची तब्येत कशी आहे, याची पैदासकारानं वर्षातून एकदा तरी चौकशी करायची."

"परत वाच."

निकितानं परत वाचलं.

"हे सरकारनं लिवलंय? सोताच्या मनानं?" झुंबरबाईंचा चेहरा असा उजळला, जसं काही हरवलेलं सापडलं. पिल्लं गेली की त्यांना आठवडाभर जेवण जायचं नाही. पण विचारायचं कुणाला, आणि कुठल्या नात्यानं? लोक म्हणतील, म्हातारीला अजून काहीतरी पाहिजे. आता सरकारच म्हणतंय, जा आणि विचार.

"फोन केला तरी चालतं, आई."

"फोनवर कुनीबी खुशाल असतं," झुंबरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ट्रंकेतलं चांगलं लुगडं काढलं.

राळेगणसिद्धीला एका दूधवाल्याच्या घरी त्या पहिल्यांदा गेल्या. त्या माणसाला आधी वाटलं, बाईंचा काहीतरी व्यवहार राहिलाय. मग वाटलं, पिल्लू परत मागायला आल्यात, म्हणून त्याच्या बायकोनं कुत्र्याला आत कोंडलं. "नुसती इचारायला आले," हे त्यांना पटेपर्यंत भरीत-भाकरी होऊन गेली. कुत्रं ताक पिऊन पिऊन असं सुटलं होतं की कारवानी म्हणायची लाज वाटावी. नगरमध्ये एक नवराबायको तिसऱ्या मजल्यावर राहायचे, त्यांनी पिल्लाला स्वेटर घातला होता. झुंबरबाईंनी स्वेटरकडे पाहिलं, पिल्लाकडे पाहिलं, आणि त्या मुलीला एवढंच म्हणाल्या, "छान हाय गं. पन ह्याला रोज पळाया नेत जा, न्हाईतर तुझ्या घराला पळवंल त्ये." दोन्ही ठिकाणी उत्तर बरं आलं. बसमध्ये खिडकीशी बसून झुंबरबाईंना वाटलं, हे काम आपल्याला आधीच कुणी द्यायला हवं होतं.

मग त्या कोपरगावला गेल्या. शेवंतीच्या चौकशीला.

शेवंती त्यांची लाडकी. तांबूस रंग, कपाळावर फुलासारखा पांढरा ठिपका. वाल्मिक नावाच्या पोरसवदा बागायतदाराला त्यांनी ती दिली होती, कारण पिल्लाला हात लावायच्या आधी त्यानं आपले हात पँटीला पुसले होते. तेवढ्यावर दिली.

गावाबाहेर उसाच्या कडेला वाल्मिकचं घर होतं. तो ओट्यावरच मोबाईल बघत बसला होता.

"मावशी? तुमी इकडं कुठं?"

"चौकशीला आले."

"कुनाच्या?"

"शेवंतीच्या."

शेवंती कोण, हे आठवायला त्याला वेळ लागला. "आरं तिच्या, डायना व्हय! या या. डायना, कोन आलंय बघ."

कुत्री उन्हात पडली होती. अंगावर गोचीड नाही, पाण्याचं भांडं स्वच्छ, साखळी लांब. झुंबरबाईंनी एका नजरेत सगळं बघून घेतलं. "शेवंते," त्यांनी हाक मारली. कुत्रीनं मान वर केली, उठून त्यांच्या पिशवीचा वास घेतला, हाताचा घेतला, आणि जाऊन वाल्मिकच्या पायाशी उभी राहिली. झुंबरबाईंना ते लागलं. मग त्यांनी स्वतःला दटावलं, की जिथं राहायचं तिथला लळा लागला, याहून चांगलं काय असतं? तेवढ्यात कुत्री पुन्हा उन्हात आडवी झाली, कुशीवर, आणि त्यांना पोट दिसलं.

त्या खाली बसल्या. पोटाखालून हात फिरवला. सड गुलाबी होऊन टरारले होते.

"वाल्मिक, ही गाभन हाय."

"हाय की!" त्याची छाती फुगली. "राहुरीहून नर आनला हुता. काय त्याची लांबी मावशी, तुमी बघायला पायजे हुता."

"आरं, गेल्या सालच्या नागपंचमीला ही डोळं उघडत हुती. दीड वरसाची तरी झाली का?"

"माजावर आली म्हंजे झाली की. कुत्र्याला काय मुहूर्त लागतो?" तो हसला. "चार मित्र थांबल्यात पिल्लांसाठी. महिन्याची झाली की उचलनार. बारीक असतानाच लळा लागतो."

झुंबरबाई उठल्या, नळापाशी गेल्या आणि त्यांनी निकिताला फोन लावला.

"निकिता, शेवंती गाभन हाय. कोवळी हाय गं ती, अजून कंबर भरलेली न्हाई. पुढं काय लिवलंय?"

पलीकडं निकिता बराच वेळ मोबाईलवर बोट फिरवत राहिली. "चौकशी करायची. आणि नोंद ठेवायची."

"केली चौकशी. पुढं?"

"पुढं पिंजऱ्याच्या मापाचा नियम आहे, आई."

"आगं, उत्तर वाईट आलं तर काय करायचं?"

"ते मला तरी कुठं दिसत नाही." निकिताचा आवाजही बारीक झाला. "प्राणी कल्याण मंडळाकडं तक्रार करता येईल. अर्ज लिहू का?"

"तुझा अर्ज पोचेस्तोवर हिची नातवंडं जल्माला येतील," झुंबरबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून नळाकडं बघत उभ्या राहिल्या. विचार म्हणून सरकारनं सांगितलं होतं, विचारलं. आता उत्तराचं ओझं कुणाच्या डोक्यावर द्यायचं, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

त्या परत ओट्याकडं आल्या. "वाल्मिक, ती पिल्लं तू इकनार का?"

"मित्रांना देनार. म्हंजे, ते काय फुकट नेनार न्हाईत."

"मंग आता तूबी पैदासकार झालास."

आतून भांडं आदळल्याचा आवाज आला आणि त्यामागून वाल्मिकची आई बाहेर आली. दगडाबाई. उंच, वाळकी, गुडघ्यावर हात ठेवून चालणारी, पण आवाज ढोलासारखा. "कुनाला पैदास म्हनती गं? कोन ही? आमच्या दारात येऊन माझ्या लेकाला शिवी देती?"

"शिवी न्हाई, आक्का. सरकारी शबुद हाय. मीबी त्येच हाय, माझ्या दारात तशी पाटी हाय."

"पाटी? शिवीची पाटी लावली तुझ्या दारात सरकारनं? आन तू लावून घेतली?"

"वर लुगडं वाळत घालते," झुंबरबाई म्हणाल्या.

दगडाबाईंनी त्यांच्याकडं क्षणभर रोखून पाहिलं आणि मग त्यांच्या पोटातून हसू गडगडत वर आलं. "बस. च्या टाकते."

चहा होईपर्यंत झुंबरबाईंनी सगळा कायदा सांगून टाकला. दीड वर्ष, एक वेत, पाच वेतं, आठ आठवडे, डॉक्टरचा दाखला. पिल्लं विकायची तर वाल्मिकलाही हे सगळं करावं लागेल, नोंदणी करावी लागेल, आणि दरसाल चार घरी चौकशीला जावं लागेल. वाल्मिक कपाळावर हात मारून घेत होता. "मावशी, मी हौशी मानूस हाय. आन इथं उसात कोन बघाया येतंय कायदा?"

दगडाबाईंचं लक्ष कायद्याकडं नव्हतं. त्या कुत्रीकडं बघत होत्या. "पहिलटकरीन हाय का ही?"

"व्हय, आक्का."

"मंग हिचं करनार कोन?" त्यांनी लेकाकडं पाहिलं. "तू?"

"आई, कुत्र्यांचं कोन करतं का? त्यांचं आपआपलं हुतं."

"तुझा बापबी असंच म्हनला हुता," दगडाबाई म्हणाल्या.

आणि झुंबरबाईंच्या तोंडून ते आपसूक निघालं. कायद्यात शोधून सापडलं नव्हतं, आणि हे कुठून आलं ते त्यांनाही कळलं नाही.

"पहिलं बाळंतपन माहेरी असतंय. मी तिला न्यायला आले."

वाल्मिक मोठ्यानं हसला. दगडाबाई हसल्या नाहीत.

"आई, कुत्रीला माहेर असतं का?"

"का नसावं? जिनं दिली ती सोता दारात आलीय इचारायला. तू तुझ्या भयनीच्या घरी कितीदा गेलास रं ह्या वरसात?"

वाल्मिकनं मोबाईल उलटा केला, सुलटा केला. "पिल्लं आमचीच ऱ्हातील," शेवटी तो म्हणाला.

"तुमचीच. मला एकबी नको."

"लेकरं ज्याची त्याची. बाळंतपन आईचं," दगडाबाईंनी निकाल दिला, आणि कपबशा गोळा करता करता त्यांना स्वतःचीच गंमत वाटली. "घ्या विहीनबाई, आनखी घोटभर घ्या."

वाल्मिकनंच पिकअपमधून झुंबरबाईंना आणि शेवंतीला वस्तीवर सोडलं. अंगणात शेवंती उतरली तेव्हा भिमाजी बाजेवर होते. "चौकशीला गेल्तीस का चोरीला?" त्यांनी विचारलं.

निकिता मात्र हसली नाही. पिकअप गेल्यावर ती सासूच्या जवळ आली. "आई, ही आपल्या जागेत व्याली तर नोंद आपल्याकडं होणार. दीड वर्षाच्या आतली कुत्री. उद्या कुणी तपासायला आलं तर म्हणतील, तुम्हीच लावली. आपली नोंदणी जाईल."

हे झुंबरबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. नियम त्यांनी पोथीसारखे ऐकले होते. पोथी आपल्यावरच उलटते हे त्यांना आज कळत होतं. शेवंती आपल्या आईच्या, थोरल्या गवळणीच्या, चारी बाजूंनी वास घेत फिरत होती आणि गवळण तिच्यावर गुरगुरत होती.

"परत धाडू का?" भिमाजींनी हळू आवाजात विचारलं.

"डॉक्टरला बोलवा," झुंबरबाई म्हणाल्या.

कल्याण डॉक्टर आले. शेवंतीचं पोट, कंबर, डोळे बघितले आणि म्हणाले, लहान आहे, त्रास होणार, तुम्ही आणलीत ते ठीक केलंत. "पण मी जे दिसलं ते लिहीन, बाई. कुत्री कुणाची, कुणी लावली, इथं कशी आली. वाचणारा साहेब काय म्हणेल ते माझ्या हातात नाही. नोंदणी जाऊही शकते."

"लिवा," झुंबरबाई म्हणाल्या. "बाळंतपनासाठी माहेरी आनली, असं लिवा."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "असं नाही लिहिता येत."

"मंग कसं लिवत्यात?"

डॉक्टरांनी डोकं खाजवलं आणि वाचून दाखवत लिहिलं, "प्रसूतिकाळातील देखभालीसाठी मूळ पैदासकाराकडे आणण्यात आली."

"त्येच म्हनलं की मी," झुंबरबाई म्हणाल्या.

शेवंतीनं एके सकाळी भाकरीला तोंड लावलं नाही. गोणपाट उकरलं, तिथून उठली, कडब्यात गेली, तिथलंही उकरलं. नेमका त्याच दिवशी वाल्मिक आला होता. दगडाबाईंनी बाजरीचं पीठ आणि गुळाची ढेप देऊन त्याला पाठवलं होतं. पिशवी टेकवून तो निघणार, तेवढ्यात झुंबरबाई म्हणाल्या, "जातोस कुठं? तिचं डोकं धर."

उन्हं डोक्यावर आली तरी काही सुटेना. शेवंती कळ आली की उठून पळायला बघायची, जसं दुखणं मागं उभं आहे आणि पळालं की चुकवता येईल. कारवानी जात, तिला दुसरा उपाय माहीतच नव्हता. वाल्मिक तिला आवळून धरून "डायना, डायना" म्हणत होता, झुंबरबाई "शेवंते, शेवंते" म्हणत होत्या, आणि ती बिचारी दोन्ही नावांना ओ देत नव्हती. शेवटी डॉक्टरांना बोलावलं. पहिलं पिल्लू अडकलं होतं. डॉक्टरांनी तेल लावून, बोटांनी वळवून ते काढलं. ते मेलेलं होतं. त्यानंतर तीन आली, ओली, आंधळी, ओरडणारी. शेवंतीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि घाबरून कोपऱ्यात पळाली. हे काय आपल्यातून आलं ते तिला कळेना. झुंबरबाईंनी तिला आणून आडवी केली, पिल्लं एकेक करून सडाला लावली. ती चाटेना. उठायची, पिल्लं गळून पडायची, पुन्हा आडवी करायची, पुन्हा लावायची.

वाल्मिकनं घरी फोन लावला. दगडाबाईंचा आवाज मोबाईलमधून साऱ्या गोठ्यात ऐकू आला.

"किती?"

"चार. म्हंजे, तीन."

"आन ती?"

"ती हाय."

"हाय न्हाई, कशी हाय इचारलं मी."

वाल्मिकनं शेवंतीकडं पाहिलं. "थरथरतीय, आई."

दगडाबाई म्हणाल्या, "तिथंच बस. तिनं लेकरं चाटल्याबगर घरी येऊ नको."

तो बसला. भाकरीही तिथंच खाल्ली. एका हातानं तिला धरून, दुसऱ्या हातानं. दिवस कलला तेव्हा तिनं पहिल्यांदा जीभ काढली आणि चुकून का होईना, वाल्मिकच्या मनगटाच्या ऐवजी पिल्लाच्या पाठीवरून फिरवली.

महिना झाला तसा वाल्मिकच्या मित्रांपैकी एकजण त्याला घेऊन मोटारीनं वस्तीवर आला. झुंबरबाईंनी त्याला चहा दिला, घरी कोण असतं विचारलं, अंगण आहे का विचारलं, दिवाळीत फटाके वाजले की कुत्र्याला कुठं ठेवणार ते विचारलं. पोरगा घामाघूम झाला. "बारीक असतानाच लळा लागतो ना?" असं तो म्हणाला तेव्हा वाल्मिकच त्याला म्हणाला, "लळा आदी आईचा लागाया पायजे, बाबा. आठ आठवडे तिचे. तू नंतर ये." मोटार तशीच परत गेली. नोंदणीचा अर्ज कसा भरायचा, ते वाल्मिकनं जाताना निकिताला विचारलं, पण दबक्या आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असं.

पिल्लं वाढत गेली. शेवंती उशिरा का होईना, आई झाली. आणि झुंबरबाई दिवस मोजायला लागल्या. माहेरपण सांगून आणलेल्या लेकीला सासरचं माणूस न्यायला येतं, आणि ते आलं की धाडावं लागतं. शेवंती परत कोपरगावला जाणार. वर्ष सरलं की वाल्मिक पुन्हा राहुरीहून नर आणणार. पुढच्या खेपेला तिला कोण आणणार? पहिलं बाळंतपण माहेरी असतं. दुसऱ्याचं कुणी म्हणत नाही.

"ठेवून घे की," भिमाजी म्हणाले.

"कोनत्या तोंडानं? आन कायदा काय म्हनतो गं, निकिता?"

"कुत्री त्यांची आहे, आई."

आधी कायदा गप्प होता आणि रीत बोलली होती. आता दोघंही बोलत होते, आणि दोघंही एकच सांगत होते.

थंडी सरत आली तेव्हा पिकअप अंगणात येऊन उभी राहिली. पिल्लं आपापल्या घरी गेली होती, चिप घेऊन, दाखला घेऊन, आणि वाल्मिकचा फोन नंबर घेऊन. दगडाबाई गाडीतून उतरल्या, गुडघा धरून दोन पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "विहीनबाई, न्यायला आले."

"या," झुंबरबाई म्हणाल्या.

शेवंती दगडाबाईंच्या लुगड्याचा वास घेऊन शेपूट हलवायला लागली. दगडाबाई बाजेवर बसल्या, कुत्रीचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. "तुमचा त्यो डॉक्टर कुठं असतो? आदी त्याच्याकडं जायाचं हाय. हिची पिशवी काढून टाकायची."

वाल्मिक पिकअपचं दार लावता लावता थांबला. "आई! काय बोलतीस? हिची लाईन जाईल सगळी."

"कसली लाईन? इजेची का पान्याची?"

"आगं, जातिवंत कुत्री हाय ती…"

"तू गोठ्यात बसलास त्या दिवशी. मला फोनवर सांगितलंस, थरथरतीय. सांगितलंस का न्हाई?"

वाल्मिकनं पिकअपचं दार लावलं.

"माझी सात झाली," दगडाबाई म्हणाल्या, वाल्मिकला नाही, झुंबरबाईंना. "पुढचं पायजे का, एकाबी येळंला मला कुनी इचारलं न्हाई. मी आता हिला इचारलं."

"काय म्हनली?" झुंबरबाईंनी विचारलं.

"बास म्हनली."

वाल्मिकनं टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली. शेवंती त्याच्याकडं बघत होती. तोही तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "दवाखाना किती वाजता बंद हुतो, मावशी?"

डॉक्टरांनी तपासून वेळ दिली. ऑपरेशन झालं, आणि टाके निघेपर्यंत शेवंती झुंबरबाईंच्याच पडवीत राहिली. दगडाबाईही राहिल्या. विहिणीनं विहिणीकडं एवढं राहायचं नसतं असं भिमाजी म्हणाले, तेव्हा दोघींनी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते रानात निघून गेले. दोघी दुपारभर बोलत बसायच्या आणि निकिताला म्हणायच्या, वाच गं पुढं. डॉक्टरांनी लिहिलेला कागद वर गेला होता. त्यावर साहेब काय म्हणाले ते अजून कळलेलं नव्हतं. रोज एखादी गाडी वस्तीच्या वाटेला वळली की झुंबरबाई पदर सारखा करून उभ्या राहायच्या, आणि गाडी ऊसतोडीची निघायची.

जायचा दिवस आला. वाल्मिकनं पिकअप लावली, पुढचं दार उघडलं, सीटवर चादर टाकली. "बस आई."

दगडाबाई मागं गेल्या. "फळी पाड ही."

"आगं, मागं हौद्यात? कोपरगाव इथं हाय का? हाडं खिळखिळी होतील."

"पुढं बसले तर हिच्याकडं कोन बघनार? टाक्यांची जागा अजून कवळी हाय." त्यांनी फळीवर हात ठेवला, गुडघा उचलला, आणि भिमाजी व वाल्मिक दोघांनी मिळून त्यांना वर चढवलं. शेवंतीला झुंबरबाईंनी उचलून दिली. दगडाबाईंनी पाय पसरून तिला मांडीत घेतली आणि पदर काढून तिच्या अंगावर टाकला. कुत्रीनं एकदा अंगणाकडं पाहिलं, मग जांभई दिली.

गाडी बांधावरून हलली. खड्ड्यात चाक गेलं तशी झुंबरबाई मागून धावल्या. "आक्का, वळनाला पोटाखाली हात धरा! पोटाखाली!"

दगडाबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांचा एक हात तिथंच होता, पोटाखाली. दुसरा त्यांनी तेवढा वर केला, ऐकलं म्हणून.